गारा न पडलेलं शेत

सगळे त्यांना टक्केवाले भाऊ म्हणायचे. पिकांच्या नुकसानीचे पंचनामे करण्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. ज्यांच्या पिकाचा विमा नसे, त्यांना सरकारी मदत मिळायची ती भाऊंनी लिहिलेल्या टक्क्यांवर. "भाजीत मीठ किती टक्के कमी आहे, तेही लिहा एकदाचं," असं बायको चिडवायची.

गारपिटीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी ते नर्सबाईंच्या शेतावर गेले. दवाखान्यातून निवृत्त झाल्यापासून बाई दोन एकर गहू करायच्या. आजूबाजूचा सगळा गहू चिखलात लोळत होता. बाईंचा मात्र कमरेएवढा, ताठ उभा. गारा जणू बांधापाशी येऊन थबकल्या होत्या.

भाऊंनी फॉर्म मिटला. "बाई, नशीब काढलंत! इथे मी काय लिहू?"

"एक ओंबी चोळून बघा."

भाऊंनी ओंबी तळहातावर चोळून फुंकर मारली. हातात काहीच उरलं नाही. दुसरी चोळली, पाचवी चोळली, मग पार मधोमध जाऊन विसावी. नुसती टरफलं. तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं, इथे चिमणी नाही, साधा किडासुद्धा किरकिरत नाही. भराभर पावलं टाकत ते बांधावर परतले.

"गारांच्या आदल्या दिवशी दाणा भरलेला होता, मी स्वतः खाऊन पाहिला," बाई हळूच म्हणाल्या. "गारा पडताना मी इथेच उभी होते. आत एकही पडली नाही. फक्त गहू हलत होता. मधून कुणीतरी सावकाश चालत गेल्यासारखा."

साक्षीदार म्हणून शेजाऱ्याची सही हवी होती. तो बांधाच्या पलीकडेच थांबला. "कागद इकडे द्या भाऊ. मी काही आत पाय ठेवणार नाही." सही झाली आणि तो मागे न बघता निघून गेला.

फॉर्मवर कारणं चारच होती: पूर, वादळ, गारपीट, कीड. भाऊंनी शंभर टक्के लिहिलं आणि कारणापुढे 'माहीत नाही'. फाईल दोनदा परत आली.

"अहो, गारपीट लिहा आणि मोकळे व्हा," साहेब वैतागले.

"तिथे गार पडलीच नाही, साहेब. खोटं कसं लिहू?"

तिसऱ्या खेपेला भाऊंनी ओंब्यांची पिशवीच टेबलावर ठेवली. साहेबांनी एक चोळली, मग आणखी एक. ते उठले, बेसिनपाशी जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. परत येऊन त्यांनी शिक्का मारला. "ही पिशवी आधी बाहेर न्या," एवढंच म्हणाले.

चार महिन्यांनी, इतरांसारखीच, बाईंना मदत मिळाली. तोवर भाऊ निवृत्त झाले होते. पुढच्या हंगामात एका दुपारी बाईंचा फोन आला.

"भाऊ, यंदा मी पेरलंच नाही. नांगरून तसंच सोडलं होतं."

"बरं केलंत."

"पण गहू आलाय. ओळीनं. कमरेएवढा."

भाऊंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. मग विचारलं, "दाणा भरलाय का?"

"बघायला आत कोण जाणार?" बाई म्हणाल्या. "मी खिडकीतून बघतेय. आत्ताही हलतोय."