चित्रकाची छाटणी

ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत कुंपणालगतचा निळा चित्रक गोदूबाईच्याच हाताखाली वाढला. रोप तळमजल्यावरच्या प्रधानकाकांनी आणलेलं. झुडूप मूळचं दक्षिण आफ्रिकेचं, असं ते सांगत.

"आफ्रिकेचं असंल, पानी तर मीच घालते ना," ती म्हणे.

गोदूबाई कोपरच्या खाडीकाठची. बावीस वर्षं तिने जिने झाडले, बाग पाहिली. गुडघे गेल्यावर जिन्यांचं काम दुसरीकडे गेलं, बाग तेवढी उरली. दरवर्षी होळी झाली की ती चित्रक गुडघ्याइतका छाटायची. फूल नव्या फुटव्यालाच येतं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

यंदा ती कोयता घेऊन आली, तर प्रधानकाकांच्या बायको, विनिताकाकू, दारात उभ्या. काकांना जाऊन चार महिने झाले होते.

"वर्षश्राद्धापर्यंत त्याला हात नको लावू गं. त्यांनी लावलेलं आहे."

गोदूबाई परतली. नवरा गेला तेव्हा तिनेही त्याचं जाळं वर्षभर खुंटीवरून काढलं नव्हतं.

झुडूप माजलं. काटक्यांचा गुंता वाटेवर आला. दसरा उलटला तरी एक फूल नाही.

"मावशी, रविवारी हे उपटतोय," सेक्रेटरी प्रफुल्ल म्हणाला. "इथे स्कूटर लागतील. तुम्ही पण आता आराम करा."

आराम म्हणजे काय ते तिला कळलं. काकूंनी अडवलं, एवढं सांगितलं असतं तर सुटली असती. पण त्या बाईचं नाव तिच्या तोंडातून निघेना. ती काकूंच्या पायरीवर जाऊन बसली.

"काकू, काका असते तर मना वराडले असते. म्हातारे, झाड मारलंस, म्हनाले असते."

"श्राद्धाला तीन आठवडे आहेत अजून."

"मानसं रविवारी येतात."

काकू आत गेल्या. काकांची कात्री घेऊन बाहेर आल्या. पहिली फांदी त्यांनीच कापली, वाकडीतिकडी, भलत्याच ठिकाणी. तिथून उठून त्या थेट प्रफुल्लच्या दारी गेल्या, छाटणी आपणच अडवली होती हे सांगायला.

"संक्रांतीपर्यंत बघू," प्रफुल्ल खाली येऊन म्हणाला. "फूल आलं तर ठेवू."

गोदूबाईने मान हलवली. उभं राहवत नव्हतं. तिने गोणपाट अंथरलं, त्यावर बसली, काकूंनी चुकवलेली फांदी फुटव्याच्या डोळ्याच्या जरा वर पुन्हा नीट कापली आणि कोयता पुढच्या फांदीला लावला.