छान आहे, असं मी म्हणालो

माझी बायको सदतिसाव्या वर्षी शिकायला नेदरलँड्सला गेली. तलासरीच्या एका ज्युनिअर कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची. झाडावरून उतरवलेली फळं टिकवायची कशी, या विषयाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम तिनं शोधला, शिष्यवृत्ती मिळवली, कॉलेजची रजाही मंजूर करून घेतली. तिला विमानतळावर सोडून मी चिखल्याला, आमच्या चिकूच्या वाडीत परत आलो तेव्हा शेजाऱ्यांना वाटलं, मी उदास आहे. मीही तसंच वाटू दिलं. खरं म्हणजे मला तिचा हेवा वाटत होता.

कारण हा विषय माझा होता. दापोलीला शेतीची पदवी घेतली तेव्हापासून मला तिकडे जायचं होतं. वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून राहिलो, असं मी लोकांना सांगत आलो. वडिलांचं आजारपण खरं, पण ते नंतरचं. त्याआधीच मी इंग्रजीच्या परीक्षेत दोनदा कमी पडलो होतो. बायकोला हे ठाऊक होतं आणि तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. तीच परीक्षा तिनं पहिल्याच खेपेला काढली. निकाल लागला त्या दिवशी मी डहाणूहून पेढे आणले, वाटले आणि स्वतः एकही खाल्ला नाही.

तिचा फोन दुपारी चारच्या सुमारास यायचा. तिकडे तेव्हा जेवणाची सुट्टी असायची. आई ओटीवर माझ्याशेजारी बसलेली असली की ती मला ‘अहो’ म्हणायची. आई चहा ठेवायला आत गेली की ‘तू’.

पहिला आठवडा तिचे हाल झाले. दुपारच्या जेवणाला थंड ब्रेड आणि चीज. वाऱ्यानं पाऊस आडवा यायचा, छत्री उलटी व्हायची. सायकल इथे कधी चालवली नव्हती. तिकडे तिसऱ्याच दिवशी ती वळणावर पडली आणि गुडघा फोडून घेतला. वर्गात सगळे तिच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, प्राध्यापकांना नावानं हाक मारणारे. एके दिवशी बोलता बोलता ती रडली. “मला काहीच कळत नाही रे त्यांच्या बोलण्यातलं. मान हलवत बसते नुसती.”

त्या दिवशी मी तिच्याशी फार मायेनं बोललो. अर्धा तास समजावलं. शेवटी म्हणालो, “नाहीच जमलं तर परत ये. कोणी काही म्हणणार नाही.”

ती म्हणाली, “परत यायचं कुठे म्हटलं मी?”

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, की तो आठवडाभर मला बरं वाटत होतं. जेवण जात होतं. झोप लागत होती.

दुसऱ्या आठवड्यापासून ती हसायला लागली. फोटो यायला लागले. काचेच्या मोठ्या घरात ती उभी, तिच्या डोक्याच्याही वर चढलेले टोमॅटोचे वेल, आजूबाजूला पाच-सहा वर्गमित्र. त्या काचघरांची चित्रं मी पदवीच्या पुस्तकात पाहिली होती. आत पाणी कसं देतात, हवा कशी राखतात, सगळं पाठ केलं होतं. ती मला तेच नव्यानं समजावून सांगायची. “अरे, तुला गंमत सांगते,” म्हणायची. मी “हो का?” म्हणायचो.

मधेच तिच्या रजेचा एक कागद द्यायला मला तलासरीला जावं लागलं. कॉलेजच्या फलकावर तिचा फोटो लावला होता, काचघरातलाच. शिपायानं मला खुर्ची दिली. “मॅडमचे मिस्टर आलेत,” असं त्यानं आत जाऊन सांगितलं. प्राचार्यांनी चहा मागवला आणि माझ्याशी पंधरा मिनिटं फक्त तिच्याविषयी बोलले. निघताना बारावीच्या चार-पाच मुली व्हरांड्यात आडव्या आल्या. आसपासच्या डोंगरपाड्यांवरच्या. त्यांतली एक म्हणाली, “सर, आम्हालापन जाता येईल का तिकडे?”

मी म्हणालो, “इंग्रजी लागतं. फार अवघड परीक्षा असते.”

“मॅडम बोलल्या, अभ्यास केला तर जमते.”

मी त्यांच्या बाजूनं वाट काढून स्टँडवर आलो. बसमध्ये बसल्यावर मला त्या मुलीचा राग आला. मग स्वतःचा आला. डहाणू येईपर्यंत दोन्ही टिकून होते.

चौथ्या आठवड्यात तिला वर्गापुढे पहिलं सादरीकरण करायचं होतं. प्रत्येकानं आपल्या भागातलं एक फळ घ्यायचं आणि ते दूरच्या बाजारात कसं पोचवता येईल, हे मांडायचं. तिनं अर्थातच चिकू घेतला. चार दिवस मला प्रश्न विचारत होती. फळ कशानं उतरवता, धुता का, चीक कसा काढता, किती दिवसांत पिकतो. मी सांगत होतो, ती लिहून घेत होती. वाडीतले फोटो मागितले, तेही पाठवले. मी जाळीची काठी घेऊन झाडाखाली उभा आहे, असाही एक तिनं मागून घेतला.

मग एका दुपारी तिनं पूर्ण मजकूर फोनवर वाचून दाखवला. स्पीकर चालू होता, आई बाजूला तांदूळ निवडत होती. बायको वाचत गेली. मांडणी सुरेख होती. मला इतकी नीट जमली नसती. शेवटी तिनं लिहिलं होतं, की झाडावरून उतरवल्याबरोबर कच्चा चिकू घरच्या फ्रिजइतक्या थंडीत ठेवावा, तसाच गाडीनं न्यावा आणि बाजारात पोचल्यावर पिकवावा.

हे चूक होतं. कच्चा चिकू इतक्या थंडीत गेला की नंतर बाहेर काढूनही तो धड पिकत नाही, दगडासारखा राहतो. आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत आहे. पण फ्रिज उघडणं, चिकू ठेवणं हे आईचं काम. बायको सकाळी तलासरीची गाडी पकडायची, संध्याकाळी घरी यायची आणि पिकलेला चिकू खायची. तिला हे माहीत असायचं कारण नव्हतं.

“कसं वाटलं?” तिनं विचारलं. “काही चुकलंय का?”

मला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते तोंडापर्यंत आलं होतं.

“छान आहे,” मी म्हणालो.

“नक्की ना?”

“नक्की.”

फोन बंद झाल्यावर आईनं तांदळातून मान वर केली. “अरे, ती फ्रिजचं काय म्हणाली? परवा मी चुकून कच्चे चिकू ठेवत होते तर केवढा ओरडलास माझ्यावर.”

“ती तिकडची मोठी शीतगृहं, आई. वेगळी असतात,” मी म्हणालो. आईनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि पुन्हा तांदळात बोटं घातली.

मला वाटलं होतं, तिकडच्या कोणाला चिकू माहीत असणार? चूक कोणाच्या लक्षात येणार नाही. लोक तिच्यासाठी टाळ्या वाजवतील आणि ती चुकलीये हे एकट्या मला माहीत असेल. एवढंच मला हवं होतं. तेव्हा ते मला फार मोठं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फोन चारला आला नाही, सहाला आला. आई देवळात गेली होती. घरात मी एकटाच होतो, तरी ती म्हणाली, “तुम्हाला माहीत होतं?”

मी विचारलं, “काय?”

“वर्गात मेक्सिकोची एक मुलगी आहे. चिकू मूळचा त्यांचाच. तिच्या अंगणात झाड आहे. माझं बोलून झाल्यावर तिनं हात वर केला आणि म्हणाली, आमच्याकडे कच्चा चिकू थंडीत ठेवला तर तो पिकतच नाही. मी म्हटलं, असं कसं होईल? माझ्या नवऱ्याची चिकूची वाडी आहे, त्यानं स्वतः तपासलंय हे. तुमचा फोटो होता पडद्यावर. काठी घेऊन उभे असलेले. तिनं फोटोकडे बघून विचारलं, हे स्वतः ठेवतात का चिकू फ्रिजमध्ये? सगळे हसले. वाईट नाही हसले. पण हसले.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“माहीत होतं की नव्हतं, एवढंच सांगा.”

“होतं.”

“मग?”

“मला तुझा हेवा वाटतो,” मी म्हणालो. याआधी मी हा शब्द मोठ्यानं कधी उच्चारला नव्हता. “पहिल्या दिवसापासून. पेढे आणले तेव्हापासून.”

पलीकडे सायकलींच्या घंटा ऐकू येत होत्या. ती म्हणाली, “मला कळत होतं ते. मला वाटलं होतं, तुम्ही तो माझ्यासमोर तरी दाखवाल. असा पाठीमागून नाही.” आणि तिनं फोन ठेवला.

पुढचे पंधरा दिवस ती रोज आईच्या फोनवर फोन करायची. माझी चौकशी करायची, पण फोन माझ्याकडे द्यायला सांगायची नाही. आईनं मला काही विचारलं नाही. फक्त एकदा वाढताना म्हणाली, “तिला तूच लिही. ती नाही लिहिणार.”

मी लिहिलं. माफी दोन ओळींत मागितली आणि मग पाच पानं चिकूवर लिहिली. कच्चा किती थंडी सोसतो, पिकल्यावर किती, चीक राहिला तर साल कशी काळवंडते, मला जे जे येत होतं ते सगळं. पानांचे फोटो काढून पाठवून दिले. दोन दिवस काही उत्तर आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिचा दुरुस्त केलेला मजकूर आला आणि त्याखाली एकच ओळ: “चुका काढा.”

मी सात चुका काढल्या. तिनं चार मान्य केल्या. दोन बाबतीत तिनं माझंच चूक ठरवलं, कशावरून ते दाखवून. एकीबद्दल आम्ही अजून भांडतो. ज्यात माझं चूक ठरलं त्या दोन्ही मी पुन्हा पुन्हा वाचल्या. तिचं बरोबर होतं. वीस वर्षं मी जे डोळे मिटून करत आलो होतो, त्यातली एक चूक ती सहा-सात आठवड्यांत ओळखून बसली होती. मला पुन्हा तिचा हेवा वाटला. तो कधी संपेल असं मला वाटत नाही. ती परत येऊन आता पुन्हा तलासरीला शिकवते, तिला कुठे कुठे भाषणाला बोलावतात, आणि निमंत्रण आलं की मी अजूनही आधी पाकिटावरचं नाव बघतो.

पण तिचं उत्तर वाचलं त्या दुपारी मी तिला फोन लावला आणि “तुझं बरोबर आहे” असं म्हणालो. ती म्हणाली, “थांबा, माझा तास सुरू होतोय, नंतर करते.” मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज आला, कोणीतरी तिला नावानं हाक मारली, आणि ती गेली.