आतला रनवे आणि दत्ताराम म्हात्रे

साठच्या दशकाच्या सुरुवातीला माझी बदली पूर्वेकडच्या, हवाई दलाच्या एका विमानतळावर झाली. हुद्दा कॉर्पोरल. काम कंट्रोल टॉवरमध्ये सहायकाचे. आगगाडीने पोहोचायला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी सकाळी सहाला मी ड्यूटीवर होतो.

तिथे समांतर असे दोन रनवे होते. टॉवरजवळचा तो आतला, पलीकडचा तो बाहेरचा. मधे गवताचा लांब पट्टा. दोन रनवे म्हणजे दुप्पट विमाने, असे नागरिकांना वाटते. ते अर्धेच खरे आहे. उतरणारी विमाने आम्ही बाहेरच्या रनवेवर घेत असू आणि उडणारी आतल्या रनवेवरून सोडत असू. त्यामुळे एकाने दुसऱ्यासाठी खोळंबायचे कारण उरत नसे. पण विमाने उभी करायची जागा टॉवरच्या बाजूला होती. म्हणजे उतरलेल्या प्रत्येक विमानाला आतला रनवे ओलांडूनच यावे लागे. ते गवताच्या पट्ट्यात थांबे. दोन उड्डाणांच्या मधे त्याला आमच्या बाजूला काढायचे, आणि ते रनवेबाहेर गेले याची खात्री झाल्यावरच पुढचे विमान सोडायचे. आमचे सगळे काम त्या ओलांडणीवर अडलेले असे.

कोरड्या दिवसांत धुळीमुळे ओलांडणीची जागा टॉवरवरून दिसत नसे. म्हणून तिच्याजवळ, गवतात, लाल-पांढऱ्या चौकटींची एक कॅराव्हान, म्हणजे चाकांवरची खोली, उभी असे. तिच्यात एक माणूस, एक सिग्नल दिवा, धोक्याचा लाल बार उडवायचे एक पिस्तूल आणि एक फील्ड टेलिफोन. तो माणूस कॉर्पोरल दत्ताराम म्हात्रे. गाव किहीम.

मी नागावचा. घरी असताना आमच्यात एका सकाळची पायपीट होती, पण ओळख झाली ती इतक्या दूर. आठ तास तो गवतात एकटा, आठ तास मी काचेच्या खोलीत. टॉवरमध्ये साहेब असत, सार्जंट असे. पण माझ्याशी माझ्या भाषेत बोलणारा एकच माणूस होता आणि तो तारेच्या दुसऱ्या टोकाला होता. विमाने नसताना मी पुस्तक वाचत असे. त्याने मला मास्तर हे नाव ठेवले.

"मास्तर, काय वाचतंस?"

"इतिहास."

"वाच, वाच. डोलं गेलं का आपून दोगं मिलून बोंबील सुकवू. त्याला डोलं लागत न्हाय."

एकदा सार्जंटने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला. "ये टेलिफोन है, तुम्हारा मछली बाज़ार नहीं." त्या दिवसापासून गप्पा बंद झाल्या.

नियमाप्रमाणे विमान रनवे ओलांडून गेल्यावर कॅराव्हानने फोन करून पूर्ण वाक्य बोलायचे आणि मी ते परत म्हणून दाखवायचे: 'क्रॉसिंग कम्प्लीट, इनर रनवे क्लिअर.' सैन्याची ने-आण वाढली तशी दिवसाला शंभरदा ती वाक्ये म्हणणे आम्हाला जड वाटू लागले. दत्ताने तोड काढली. विमान रनवे ओलांडून गेले की तो टेलिफोनचा दांडा एकदा फिरवी आणि टॉवरमध्ये घंटी वाजे. एक घंटी म्हणजे मोकळा. मी रिसीव्हर न उचलता साहेबांना सांगे, "इनर क्लिअर, सर." काम भराभर उरके. सार्जंटला ते माहीत होते. त्याने चालू दिले. दोन महिने हे असेच चालले. मला ती घंटी आवडू लागली होती, हेही सांगितले पाहिजे. दिवसभरात ओळखीचे म्हणावे असे तेवढेच काही माझ्यापर्यंत येत असे.

फेब्रुवारीतली एक सकाळ. दहा वाजून चाळीस मिनिटे. एक डाकोटा बाहेरच्या रनवेवर उतरून गवतात थांबले होते. दुसरे डाकोटा जवानांना घेऊन आतल्या रनवेच्या टोकाशी उभे होते. दत्ताने उतरलेल्या विमानाला हिरवा दिवा दिला. ते धुळीत शिरले.

मिनिटभराने घंटी वाजली. एकदा.

मी म्हणालो, "इनर क्लिअर, सर."

फ्लाइट लेफ्टनंट साहेबांनी माइक उचलला. "क्लिअर फॉर टेक-ऑफ."

"रोलिंग," पायलट म्हणाला.

ओलांडणारे विमान त्या वेळी आतल्या रनवेच्या मधोमध टायर फुटून बसले होते. टॉवरवरून ते दिसत नव्हते. धावणाऱ्या विमानाच्या पायलटलाही दिसले नसते, कारण डाकोटाचे शेपूट जमिनीवर असते तोवर नाक वर राहते आणि समोरचे काही दिसत नाही. ते फक्त दत्ताला दिसत होते.

धुळीतून एक लाल बार वर गेला. साहेबांनी तो पाहिला आणि ओरडले, "स्टॉप, स्टॉप, अबँडन टेक-ऑफ." उत्तर आले नाही. त्यानंतर दुसरा बार, अगदी खालून, जवळजवळ जमिनीलगत गेला. दत्ता कॅराव्हानमधून उतरून आतल्या रनवेवर धावत गेला होता आणि त्याने तो बार विमानाच्या समोर उडवला होता. पायलटने विमान गवतात वळवले. एक चाक मोडले. दोन्ही विमानांतल्या कोणालाही मोठी इजा झाली नाही. वळताना पंखाचे टोक दत्ताला लागले. मी पोहोचलो तेव्हा दहा पंचावन्न झाले होते. डॉक्टर त्याच्या बाजूला उभे होते. त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. मी सांगितले, "कॅराव्हानकडून क्लिअरचा इशारा आला होता." मी ते खरे समजून सांगितले. त्याचा अर्थ एवढाच निघत होता की दत्ताने चुकीचा इशारा दिला आणि मग परवानगीशिवाय चालू रनवेवर गेला. त्याच्या घरी पत्र गेले त्यात हेच दोन ओळींत होते.

चौथ्या दिवशी मेसमध्ये आगीच्या बंबावरचा एक जवान माझ्या शेजारी बसला. कॅराव्हान, बंब आणि टॉवर एकाच तारेवर होते. तो म्हणाला, "उस दिन लाइन टेस्ट करने को मैंने घंटी मारी थी. तुमने उठाया ही नहीं."

म्हणजे ती घंटी दत्ताची नव्हतीच. मी ताट तसेच ठेवून साहेबांकडे गेलो आणि दुसरा जबाब लिहून दिला. रिसीव्हर उचलून वाक्य ऐकायचे काम माझे होते. माझी कॉर्पोरलची फीत गेली. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. पण कागद दुरुस्त व्हायला वेळ लागणार होता आणि पहिला कागद किहीमला निघाला होता. मी रजा मागितली.

दत्ताचे वडील, नाना, नारळ पाडायचे काम करीत. मी गेलो तेव्हा ते ओटीवर कोयत्याला धार लावत होते. त्यांनी पत्र आणून माझ्यापुढे ठेवले.

"शालंतल्या गुरुजींनी वाचून दावलं. परवानगी नव्हती म्हनं. आमचा दत्ता न इचारता कोनाच्या वाडीत शिरला न्हाय कंदी. गावान लोक बोलतान, त्याच्याच चुकीनं झालं. तू व्हतास ना थयं?"

मी सगळे सांगितले. रनवे, घंटी, बंबावरचा जवान.

"म्हंजे परवानगी देनारा तू."

"हो, नाना."

"आनि त्यानं इचारलं असतं तर?"

"तर उशीर झाला असता."

त्यांनी कोयता बाजूला ठेवला. आत कोणीतरी दळत होते, ते थांबले होते.

"किती मानसं व्हती त्या इमानांत?"

"दोन्हींत मिळून तीसेक."

"त्यांना ठाव हाय त्याचं नाव?"

मी खरे ते सांगितले. बहुतेकांना माहीत नव्हते. ती माणसे त्याच दुपारी दुसऱ्या विमानाने पुढे गेली होती.

नाना उठले आणि खांद्यावर पंचा टाकला. "चल. मला एकट्याला सांगून भागनार न्हाय."

त्यांनी मला आळीतल्या प्रत्येक घरी नेले. प्रत्येक ओटीवर मी उभा राहून तेच सांगितले: चूक माझी होती, दत्ताची नव्हती. कोणी पाणी दिले, कोणी नुसते ऐकून घेतले. एका म्हातारीने मला निघून जायला सांगितले. नाना म्हणाले, "त्याला पुरं बोलू दे, मावशे." ती ऐकत राहिली. परत आलो तेव्हा उन्हे उतरली होती. नानांनी मला जेवायला वाढले.

दुरुस्त कागद पावसाळ्यानंतर आला. त्यात परवानगीचा उल्लेख नव्हता. नाना आता नाहीत. मी निवृत्त होऊन नागावला राहतो. वाचायला पुस्तके आहेत. नानांच्या एका प्रश्नाचे उत्तर मात्र अजून द्यायचे राहिले आहे, म्हणून हे लिहिले.

त्या दोन विमानांत जे होते त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर त्याच्यासाठी: तुमच्या पुढ्यात लाल बार उडवणारा माणूस कॉर्पोरल दत्ताराम म्हात्रे. वय सव्वीस. गाव किहीम, जिल्हा कुलाबा.