मॅडमची निळी रेघ

मॅडम पुण्यात लोकांची घरं सजवून देतात आणि मी गावाकडं पलंगावर मांडी घालून त्यांच्या नावानं मेलला उत्तरं लिहितो, आधी आम्हां दोघांनाही दिसणाऱ्या ऑनलाइन फाईलमध्ये, मग मेलवर. आम्ही एकमेकांना कधी बघितलेलं नाही. पण नकला करण्यात मी शाळेपासून पटाईत. हेडमास्तरांचा खोकलासुद्धा काढून दाखवायचो, तिथं मॅडमचं ‘नोंद घेतली, धन्यवाद’ काय अवघड?

परवा एका वयस्कर गिऱ्हाइकाचा मेल आला. बायको दवाखान्यात आहे, मीटिंगला येता येणार नाही, माफ करा. मॅडमसारखं लिहायचं सोडून मी भलतंच लिहून बसलो, ‘काका, आधी काकूंकडं बघा. तुमचं स्वयंपाकघर कुठं पळून जातंय?’

नेमकी तेव्हाच मॅडमनी ती फाईल उघडली. त्यांच्या नावाची निळी रेघ, म्हणजे त्यांचा कर्सर, माझ्या स्क्रीनवर ‘काका’पाशी आली आणि तिथंच लुकलुकत राहिली. गेली नोकरी, म्हटलं.

तरी मी त्या रेघेकडं बघतच बसलो. रागावलेली रेघ वेगळी लुकलुकत असेल का? आमची आई भाजी निवडताना अशीच मध्येच थांबते. मग ती ओरडणार की हसणार, हे मला अजून ओळखता येत नाही. इथं तर चेहरापण नव्हता.

रेघ हलली. ‘काका’ तसंच राहिलं. खाली एकेक अक्षर उमटत गेलं, ‘दवाखान्यात डबा पाठवू का? मीच करते.’

हे माझ्या नकलेत कुठंच नव्हतं. आता मला मॅडम पहिल्यापासून शिकायला लागणार.