आपाची नमाज आणि माझे गुडघे

पाण्याची मीटरं वाचायला बायकांनी जोडीनेच जायचं, असा आमच्या खात्याचा नियम आहे. एकीने झाकण उचलून, काचेवरची जळमटं पुसून आकडा मोठ्याने वाचायचा, दुसरीने तो मशीनमध्ये टिपायचा. तीन वर्षांपूर्वी माझी आधीची जोडीदारीण लग्न होऊन गेली आणि माझ्या वाट्याला आपा आली. ती मला ताई म्हणायची, मी तिला आपा. दोघींनी एकमेकींना मोठी बहीण करून टाकलं होतं आणि वयाचा दाखला कुणीच बाहेर काढत नव्हतं.

पहिल्याच दिवशी मी तिच्यावर रुसले. एका इमारतीच्या तळघरात मी झाकणाशी वाकून आकडा वाचत होते आणि मागे वळून बघते तर ही पंपाशेजारी चटई टाकून उभी. "टिपलास का?" मी विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. शेवटी तिच्या तोंडासमोर जाऊन हात हलवला, तरी ढिम्म. आधीच राग माझ्या नाकावर, त्यात हे. बाई नमाज पढतेय एवढं मला कळत होतं, पण म्हणून साधं हो-नाही पण म्हणू नये? दिवसभर मी तोंड फुगवून चालले.

संध्याकाळी तिनेच विषय काढला. "चुकलं माझं, आधी सांगायला हवं होतं. नमाजाला एकदा उभं राहिलं की मध्ये बोलता येत नाही. आणि समोरून कुणी जाऊ नये म्हणून पुढे काहीतरी आडोसा ठेवतात. पिशवी, खुर्ची, काहीही."

"माणूस चालतो?"

"पाठ करून उभा राहिला तर चालतो."

दुसऱ्या दिवसापासून आडोसा मी. खरं तर आदल्या दिवशीच्या वागण्याची लाज वाटत होती, पण तसं कबूल करणारी मी नव्हे.

कामाच्या वेळेत तिच्या दोन नमाजा यायच्या, एक दुपारची आणि एक उन्हं उतरताना. जिथे वेळ होईल तिथे जागा शोधायची. एका शिंप्याची बायको कापडाचे गठ्ठे सरकवून कोपरा मोकळा करून द्यायची. एक वॉचमन स्वतःच्या केबिनबाहेर उन्हात उभा राहायचा. कुठे जिन्याचा कट्टा, कुठे बागेतल्या टाकीमागची फरशी. दिवसभर लोकांचं पाणी मोजणारी ही बाई स्वतः नमाजाआधी अर्ध्या बाटलीत हात, तोंड, पाय धुऊन मोकळी व्हायची. एकदा बागेत कॉलेजची एक मुलगी घुटमळत जवळ आली. "मीपण नमाजाला शेजारी उभी राहू का? एकटीला धीर होत नाही." त्या दिवशी मी दोघींचा आडोसा झाले. कुणी "काय चाललंय इथे?" म्हणून डोकावलं, की मी असा चेहरा करायचे की पुढचा प्रश्न त्याच्या घशातच राहायचा. देवाने मला हा चेहरा दिला तो याच कामासाठी असावा.

मग नवी मशीनं आली. कोण कुठे किती वेळ थांबलं हे त्यात दिसायचं आणि दहा मिनिटांच्या वर गेलं की साहेबांच्या पडद्यावर लाल खूण. आमच्या जोडीला रोज दोन लाल खुणा. महिनाअखेरीस करार नव्याने व्हायचे होते आणि लाल खुणावाल्यांना काढणार अशी कुजबुज होती. आपाचा नवरा केव्हाच गेलेला, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, औषधपाण्यासकट सगळं घर या एका नोकरीवर. तिची नोकरी गेली असती तर काय झालं असतं, याचा विचारसुद्धा मला सहन होत नव्हता.

साहेबांनी आधी मला बोलावलं. मी बिनदिक्कत ठोकून दिलं, "माझे गुडघे धरतात साहेब. जिने चढून झाले की मला बसावं लागतं. आपाचा काही दोष नाही." त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं. मी जिंकल्यासारखी बाहेर आले आणि आपाला सांगितलं.

ती म्हणाली, "ताई, माझ्यासाठी तू हे केलंस, ते मी जन्मात विसरणार नाही. पण खोट्याच्या आधाराने मी नमाजाला उभी कशी राहू?" आणि सरळ साहेबांच्या खोलीत शिरली. मी मागोमाग धावले. मनातून मात्र चडफडत होते. एवढी रचलेली गोष्ट, तिचं मातेरं करायला निघाली ही.

तिने सगळं सांगितलं. दोन वेळा, बारा-बारा मिनिटं. डबा चालता चालता खाते. ताईने मला वाचवायला खोटं सांगितलं, तिला काही बोलू नका. साहेब ऐकत होते. आता एक नाही, दोघी घरी बसणार.

साहेबांनी विचारलं, "मग मशीनवरचं पिवळं बटण का दाबत नाही?"

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मशीन आलं त्याच दिवशी कुणीतरी उठवलं होतं, की ते बटण दाबलं तर दिवसभराचे आकडे पुसले जातात. सबंध खातं त्याला हात लावत नव्हतं. लोक चहासुद्धा अंगठा लांब ठेवून प्यायचे. साहेबांनी आपाच्या हातून मशीन घेतलं, बटण दाबलं, पडद्यावर "विश्रांती" उमटलं. पुन्हा दाबलं. आकडे होते तिथेच होते.

"अर्धा तास तुमच्या हक्काचा आहे. एकदम घ्या नाहीतर दोनदा घ्या, तिथे काय करता ते मला सांगायची गरज नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुमचे गुडघे?"

"आता बरे आहेत," मी म्हटलं.

त्यांनी हसू दाबत कागदावर काट मारली. प्रत्येकाला असा साहेब मिळत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून त्या माणसाचं मी आजही मनापासून भलं चिंतते.

दोघींचे करार झाले. आता वेळ झाली की बटण मीच दाबते आणि पाठ करून उभी राहते. पण नमाज संपल्यावर ती हात पसरून बराच वेळ पुटपुटत असते, तेवढं मला कळत नव्हतं. एके दिवशी विचारलंच, एवढं काय मागतेस?

"मागत कुठे, आभार मानते. आणि ज्यांनी जागा दिली त्यांच्यासाठी दुवा करते. शिंपीणबाई, वॉचमन, त्यांची मुलंबाळं. साहेब. सासूबाई." चटईची घडी घालत ती म्हणाली, "आणि तुझे गुडघे."

"माझ्या गुडघ्यांना काय धाड भरलीय?"

"काही नाही. पण माझ्यासाठी तू दुखतात म्हणून सांगितलंस ना. ते कधी खरं होऊ नये, एवढंच रोज सांगते."

मी मशीन तिच्या हातात दिलं आणि पुढच्या इमारतीचे चार मजले न थांबता चढून गेले.