उघड्या दराचे अप्पा

शिवलिंगप्पा दलाल खांद्यावर उपरणं कधी घेत नसत. सोलापुरात तेव्हा उपरण्यावाचून दलाल म्हणजे तागडीवाचून वाणी. कुणाला घर गहाण टाकायचं असलं की दलाल आणि सावकार उपरण्याखाली हात घालायचे, बोटं दाबून व्याजाचा दर ठरवायचे, आणि ज्याचं घर तो समोर बसून नुसतं कापड हलताना पाहायचा. दलाली दोन्हीकडून उकळली जायची ती वेगळीच. अप्पा मात्र फक्त कर्ज घेणाऱ्याकडूनच घेत. "मी ब्यांकेचा न्हवं, पेढीचा न्हवं. ज्येचं घर, त्येचा मी," असं ते पेढीवाल्यांच्या तोंडावर सांगत.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ज्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होते, त्या मालकानं विकायला काढल्या. थोडी पुंजी होती. बाकीचे पैसे त्याच खोल्या गहाण ठेवून उभे करायचे होते. मी सरळ बँकेत गेले. साहेब सभ्य होते. खुर्ची दिली, पगार विचारला आणि म्हणाले, "भावाची सही आणा."

करमाळ्याचा भाऊ म्हणाला, "घर माझ्या नावावर होऊ दे, करतो की सही. न्हाय तर ये हिकडंच. तुझ्या वैनीला हाताखाली कुणीतरी पायजेच हाय."

माझं उरलेलं आयुष्य मला त्यांच्या चुलीपुढे बसलेलं दिसलं. इतका संताप आला की मी तडक अप्पांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "अक्का, तोंड उघडून बोलाल का? तुमच्या बदली मी बोलणार न्हाय. मी फकस्त दार दावतो."

पहिल्याच पेढीवर शेठजींनी सवयीनं स्वतःचं उपरणं पुढे केलं. अप्पांनी हात मागे घेतला. "ह्यो काय बैलबाजार हाय व्हय? अक्का हितं बसल्यात. दर त्यांच्या कानावर पडू दे की."

शेठजी भडकले. "बायामाणसांशी आम्ही व्यवहाराचं बोलत नाही!"

"मग बायामाणसांचं घर बी गहाण घेऊ नगा. उठा अक्का."

आम्ही रस्त्यावर आलो. मालकानं दिलेली मुदत संपत आली होती. "अप्पा, एकदा घातला असता हात, तर काय बिघडलं असतं?" मी चिडून म्हणाले.

ते थांबले. "मग तुमच्या भावात आन् माज्यात फरक काय ऱ्हायला?"

 मी त्यांच्याबरोबर पुढच्या पेठेत एका सुताच्या व्यापाऱ्याकडे गेले. व्यापारी म्हणाला, "महिना शेकडा रुपया." अप्पा गप्प. माझ्याकडे पाहीनातसुद्धा.

"बारा आणे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. चौदा आण्यांवर जमलं, आणि खरेदीखतावर, गहाणखतावर माझं एकटीचं नाव लागलं. भावाला मी कळवलंही नाही. अप्पांनी आपली दलाली चोख घेतली. "सोडली तर उपकार मानत बसाल. मानू नगा," म्हणाले.

पुढे एकेका पेढीनं त्यांना दार बंद केलं. रीतीनं वागा आणि या, असे निरोप येत. अप्पा हसून म्हणत, "लई जुनी रीत हाय, व्हय. मोडाय येळ लागंल." धंदा पार बसला. त्यांनी हट्ट सोडला नाही, आणि मला त्या हट्टाचा फार अभिमान वाटे.

ते गेले तेव्हा घरची माणसं तेवढी जमली. उघड दर ठरवून किती जणांची घरं त्यांनी वाचवली होती! पण दलालाच्या मयताला जायचं म्हणजे आपलं घर गहाण आहे हे साऱ्या पेठेला सांगायचं. मी शाळेतून निघाले आणि भर बाजारातून त्यांच्या अंत्ययात्रेमागे चालू लागले. एका ओट्यावरून कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "काय बाई, तुमचं बी घर गहाण हाय वाटतं?"

"आहे," मी त्याहून मोठ्यानं म्हणाले. "माझ्या नावाचं आहे, म्हणून गहाण आहे."