अण्णांनी ओढलेली तार

राग गेलेला नाही, आणि जाऊ द्यायचाही नाही मला. परदेशी गाड्या रस्त्यावर दिसायला लागल्या होत्या तो काळ. आमचे मार्गदर्शक सर उठता-बसता म्हणायचे, "आता जगाच्या बरोबरीनं काम करायचं." काम काय, तर द्रव नायट्रोजनमध्ये बुडवली की विजेला अजिबात अडवत नाही अशी तार बनवायची. चांदीच्या नळीत काळी भुकटी ठासून भरायची आणि नळी ओढत ओढत बारीक करत न्यायची. विद्यापीठातलं यंत्र तिला असं हिसडायचं की चांदी फाटायची आणि भुकटी बाहेर. माझी पीएच.डी. त्या फाटक्या नळ्यांत अडकली होती.

शेवटी एक नळी पिशवीत घालून चौसाळ्याला आणली. माझे वडील, अण्णा, तिथं सोनारकी करायचे. त्यांनी नळी बोटांत वाकवून बघितली.

"कावून एवढी घाई करता तुमी? दोन ओढी झाल्या की चांदी कडक होती. ताव द्यायचा, नरम करायची, मंग पुढचं भोक."

तार ओढायच्या भोकांच्या पोलादी पट्टीतून ते आठ दिवस ती नळी ओढत बसले. लग्नसराईची गिऱ्हाइकं परत पाठवली. तार कुठं केसभर चिरली नाही. सरांनी ती भट्टीत भाजली, मोजली, आणि आमच्या आधीच्या कुठल्याही तारेपेक्षा तिच्यातून जास्त वीज गेली.

पेपर लिहिताना मी आभारांत अण्णांचं नाव घातलं. सरांनी ते खोडलं.

"परदेशात वाचतात हे. खेड्यातला सोनार म्हणून लिहायचं? हसं होईल आपलं."

मी म्हटलं, पद्धत त्यांची आहे. तर म्हणाले, "पद्धत आता आपली आहे." आयत्या बिळावर नागोबा! आणि मी काय केलं? मुकाट्यानं सही केली. डिग्री हवी होती ना. थू असल्या जिण्यावर.

छापून आलेला अंक घेऊन चौसाळ्याला गेले. एकेक ओळ अण्णांना मराठीत सांगितली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "माजं नाव कुठं हाय?"

वरती माझं नाव होतं, त्यातल्या मधल्या इंग्रजी अक्षरावर मी बोट ठेवलं. "हे काय, तुमचंच. बापाचं नाव मधी येतं ना."

अण्णांनी चष्मा पुसून ते अक्षर जवळून बघितलं. सोन्याच्या अंगठ्यांवर इंग्रजी अक्षरं कोरून घ्यायची लई टूम निघाली होती तेव्हा, आणि ती सगळी अक्षरं त्यांच्याच हाताखालून जात होती. माझ्या ध्यानातच आलं नाही.

"हे जावयाचं हाय, माय," ते म्हणाले आणि अंक माझ्या हातात परत दिला.

माझ्या नवऱ्यानं ती तार आजपर्यंत डोळ्यांनीसुद्धा पाहिलेली नाही.